काळा डाग जाळायचा, खरवडायचा की मुळासकट काढायचा?

प्रश्न | लघुशस्त्रक्रिया_ओपीडी

नमस्कार. छोट्या शस्त्रक्रियांच्या ओपीडीत 'डॉक्टर, एवढी चामखीळ जाळून द्या' ही मागणी रोजचीच. चामखीळ या एका शब्दात पेशंट काय वाटेल ते दाखवतात. मानेवरचे लोंबते स्किन टॅग, पाठीवरची सेबोऱ्हिक केरॅटोसिस (कातडीची निरुपद्रवी खरबरीत वाढ), लहानपणापासूनचा तीळ, नाकाच्या कडेची चकचकीत काळी पुळी, आणि मधूनच तळपायावरचा काळा डाग. कॉटरी (विजेवर तापवून जाळायचं साधन) हाताशी असते, काम पाच मिनिटांचं असतं, आणि म्हणूनच चूक होते.

माझा प्रश्न असा की कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे टेबलावर घेण्याआधी ठरवायचं कसं? बायोप्सी घ्यायची ठरली तर पंच (गोल पात्याने छोटा तुकडा), शेव्ह (वरचा थर तासून) की पूर्ण एक्सिजन (सगळा डाग कापून)? पहिल्याच वेळी कडेची किती कातडी घ्यायची? कारण 'एकदाच मोठं काढून मोकळं व्हा' असं सांगणारेही भेटतात. तळपाय आणि नखाबद्दल जरा सविस्तर लिहाल तर बरं होईल.

---

उत्तर | डर्मोस्कोप_हाती

ज्याचं नाव ठामपणे सांगता येत नाही ते जाळायचं नाही, इथून सुरुवात करा. कॉटरी, लेझर, क्रायो (गोठवणं), ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड या चारही पद्धतींत पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायला काही उरत नाही. वरचा रंग जातो, खालच्या पेशी राहतात, आणि काही महिन्यांनी व्रणातून पुन्हा काळं डोकावलं की आधी तिथे काय होतं हे कोणालाच सांगता येत नाही.

साधा दहापट मोठं दाखवणारा डर्मोस्कोप घ्या. सेबोऱ्हिक केरॅटोसिस मेण चिकटवल्यासारखी, नखाने उचलता येईल अशी दिसते. भिंगाखाली पांढरे मोत्यासारखे ठिपके आणि काळी, कॉमेडोसारखी छिद्रं दिसतात. डर्मॅटोफायब्रोमा (कातडीतली निरुपद्रवी टणक गाठ) दोन बोटांच्या चिमटीत धरला की वर न येता आत खळगा पडतो, मध्ये पांढरट व्रणासारखा पट्टा आणि कडेला बारीक जाळी असते. हीमँजिओमात (रक्तवाहिन्यांच्या गाठीत) लाल-जांभळी तळी एकमेकांपासून सुटी दिसतात.

नाकाच्या कडेची ती चकचकीत काळी पुळी मात्र संशयानेच बघा. गडद त्वचेत बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेचा एक कर्करोग) बऱ्याचदा काळाच असतो आणि तीळ म्हणून सुटतो. तिळात भिंगाखाली दिसते ती रंगाची जाळी त्यात नसते. त्याऐवजी झाडाच्या फांद्यांसारख्या ठळक रक्तवाहिन्या, निळे-करडे लंबगोल गोळे, कडेला पानासारखे तपकिरी आकार आणि मध्ये बारीकशी न भरणारी जखम मिळते. 'पुळी फुटते, खपली धरते, परत फुटते' असं पेशंट सांगत असेल तर अर्धं निदान त्यानेच केलेलं असतं.

तिळासाठी एबीसीडी सगळ्यांना पाठ आहे: बेडौलपणा, खडबडीत कड, अनेक रंग, ६ मिमीपेक्षा जास्त व्यास. ही चार अक्षरं १९८५ ची, आणि 'ई', म्हणजे बदल, २००४ मध्ये जोडला गेला. माझ्या मते पाचांत तोच सर्वांत कामाचा. कारण नोड्युलर मेलॅनोमा (रंगपेशींच्या कर्करोगाचा गाठीसारखा प्रकार) पहिल्या चारांना सहज चकवतो. तो गोल, एकरंगी, कधी तर चक्क गुलाबी असतो. त्यासाठी वेगळी त्रिसूत्री धरा: उंचवटा आलेला, हाताला टणक लागणारा आणि महिनाभराहून अधिक काळ सतत वाढणारा. तिन्ही असतील तर 'बघू तीन महिन्यांनी' हा पर्यायच नाही.

आणखी एक गोष्ट, तिला वेळ लागत नाही. कपडे उतरवून पूर्ण पाठ बघा. एका माणसाचे तीळ साधारण एकाच साच्यातले असतात. त्यात एखादाच वेगळ्या वळणाचा दिसला तर तोच आधी तपासायचा.

तळपाय. तळव्याच्या कातडीवर समांतर कंगोरे आणि मधे खाचा असतात. साध्या तिळाचा रंग खाचेत बसतो, अ‍ॅक्रल मेलॅनोमाचा (तळवे-नखांवरच्या प्रकाराचा) रंग कंगोऱ्यावर. ओळखायची खूण म्हणजे घामाची छिद्रं. ती कंगोऱ्यावरच, ओळीने ओवलेल्या पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. ज्या तपकिरी पट्ट्यात हे ठिपके आहेत तो पट्टा कंगोऱ्यावरचा. तरी शंका राहिली तर डागाच्या कडेला पेनची शाई लावा आणि ओल्या कापसाने हलकेच पुसा. शाई खाचेत राहते, कंगोऱ्यावरून निघून जाते. आता डागाचा रंग शाईच्या रेषेवर चालतोय की दोन रेषांच्या मधून, एवढंच पाहायचं. कंगोऱ्यावर रंग सापडला तर आकार कितीही लहान असो, बायोप्सी. नक्षी स्पष्ट नसेल आणि डाग ७ मिमीहून मोठा असेल तरीही बायोप्सी. सावळ्या त्वचेला मेलॅनोमा होत नाही हा समज इथेच महागात पडतो. एकूण प्रमाण कमी असलं तरी होतो तो बहुतेकदा तळवा, तळहात आणि नखाखालीच, म्हणजे ऊन न लागणाऱ्या जागी. कुरूप (तळव्याचा घट्टा) किंवा न भरणारी जखम समजून त्यावर महिनोन्‌महिने मलमपट्टी चालते.

---

उत्तर | टाके_आणि_दोरा

वरचं सगळं मान्य. आता कापायचं बोलू.

'एकदाच मोठं काढा' हा सल्ला रंगीत डागाच्या बाबतीत चुकीचा आहे, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. मेलॅनोमात पुढची कड ठरते ती ब्रेस्लो जाडीवरून (तो कातडीत किती खोल गेला आहे त्यावरून), आणि जाडी रिपोर्ट आल्याशिवाय कळत नाही. आधीच दोन सेंटिमीटर कड घेऊन वर फ्लॅप (शेजारची कातडी) फिरवला तर त्या जागेचे लसीकेचे (लिम्फचे) मार्ग बदलतात आणि सेंटिनल नोडचा (कर्करोग सर्वांत आधी पोहोचतो त्या लसीका-गाठीचा) शोध भरवशाचा राहत नाही. म्हणून पहिल्यांदा दिसणाऱ्या कडेपासून फक्त २ मिमी, पण खोलीला चरबीचा थर घेऊन पूर्ण डाग काढायचा. कड कमी, खोली पूर्ण. हातापायावर एलिप्स (लंबगोल छेद) लांबीच्या दिशेने ठेवा, आडवा नको. पुन्हा रुंद काढावं लागलं तर टाके थेट जुळतात.

रिपोर्टनंतरचे आकडे असे. इन सिटू (फक्त वरच्या थरात) असेल तर ०.५ ते १ सेंमी, १ मिमीपर्यंत जाडी असेल तर १ सेंमी, १ ते २ मिमी असेल तर १ ते २ सेंमी, त्याहून जाड असेल तर २ सेंमी. जाडी ०.८ मिमीच्या पुढे असेल किंवा वर अल्सर असेल तर सेंटिनल नोडची चर्चा करायची, १ मिमीच्या पुढे ती तपासणी सुचवायचीच. आणि ती रुंद एक्सिजनच्या आधी किंवा त्याच वेळी व्हायला हवी, नंतर नाही.

डाग मोठा असेल, तळव्यावर किंवा चेहऱ्यावर असेल आणि पूर्ण काढणं झेपणार नसेल, तर ४ मिमीचा पंच चालतो. जागा निवडताना मात्र सर्वांत जाड किंवा भिंगाखाली सर्वांत वाईट दिसणारा भाग घ्या. पंचमध्ये काही सापडलं नाही म्हणजे सगळा डाग निर्धोक, असं धरू नका. शेव्ह फक्त खात्रीच्या सेबोऱ्हिक केरॅटोसिससारख्या वरवरच्या गोष्टींना.

बेसल सेलचं वेगळं. कडा स्पष्ट, २ सेंमीहून लहान, कमी जोखमीचा असेल तर ४ मिमी कड. नाक, पापण्या, ओठ, कानाभोवती किंवा परत आलेला असेल तर तो ओपीडीचा विषय नाही, मोह्ज शस्त्रक्रिया (थर काढत लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासत जाण्याची) होते तिथे पाठवा. स्क्वेमस सेल कार्सिनोमाला (त्वचेचा आणखी एक कर्करोग) कमी जोखमीत ४ मिमी, जास्त जोखमीत किमान ६ मिमी, आणि प्रत्येक वेळी त्या बाजूच्या लसीका-गाठी हाताने तपासून नोंद करायची. भाजल्याच्या जुन्या व्रणात वर्षानुवर्षांनी जखम झाली, कडा उलटून जाड झाल्या, वास येऊ लागला, तर मार्जोलिन अल्सर (जुन्या व्रणातला कर्करोग) समजून कडेच्या तीन-चार जागांचे तुकडे घ्या. मधला भाग घेतलात तर नुसता सडलेला थर हाती येतो.

भूल: लिग्नोकेन साधं ३ मिग्रॅ प्रति किलो, अ‍ॅड्रेनलिनसह ७ मिग्रॅ. २ टक्के म्हणजे १ मिलीत २० मिग्रॅ. ६० किलोच्या माणसाला साधं ९ मिली, अ‍ॅड्रेनलिनसह २१ मिली ही कमाल मर्यादा. सुई डागात नको, भोवती टोचा. आत टोचलं की तुकडा फुगतो आणि थरांची रचना बिघडते. कड पेनने आखा ती टोचण्याआधी, कारण अ‍ॅड्रेनलिनने कातडी पांढरी पडली की कडा हरवतात.

दोन जागी हात आवरा. कानशिलावर गालाच्या हाडाच्या कमानीजवळ फेशियल नर्व्हची टेम्पोरल शाखा अगदी वर असते, तुटली तर भुवई उचलत नाही. मानेच्या बाजूला, स्टर्नोमॅस्टॉइडच्या मागे स्पायनल अ‍ॅक्सेसरी नर्व्ह असते, तुटली तर खांदा पडतो. 'छोटी चरबीची गाठ' म्हणून मानेत खोल जाऊ नका. लहान मुलाच्या नाकाच्या किंवा डोक्याच्या मध्यरेषेवर गाठ असेल तर एमआरआयशिवाय चीर द्यायची नाही. तिचा संबंध थेट मेंदूच्या आवरणाशी असू शकतो.

---

उत्तर | स्लाइडखाली

आम्हा पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर काय पोहोचतं ते सांगते, कारण निम्मे गोंधळ बरणीतच होतात.

१० टक्के फॉर्मॅलिन तुकड्याच्या किमान दहापट. रुंद तोंडाची बरणी. अरुंद बाटलीत कोंबलेला तुकडा तसाच वाकडा घट्ट होतो आणि मग सरळ काप घेता येत नाही. सलाइनमध्ये ठेवून 'संध्याकाळी पाठवू' असं करू नका, पेशी कुजतात. दातेरी चिमट्याने डागाला धरू नका, कडेच्या चरबीला धरा. चिमटलेल्या पेशी काळ्या रेघोट्यांसारख्या दिसतात आणि त्यांचं निदान होत नाही. दोन डाग म्हणजे दोन बरण्या, आणि नाव बरणीवर लिहा, झाकणावर नाही. झाकणं अदलाबदल होतात.

एलिप्सच्या एका टोकाला टाका घाला आणि फॉर्मवर लिहा: 'टाका १२ वाजता, डोक्याकडची बाजू'. कड पॉझिटिव्ह आली तर नेमकी कुठली हे तेव्हाच सांगता येतं.

शेव्हबद्दल थोडं अधिक. ब्रेस्लो जाडी आम्ही ग्रॅन्युलर थराच्या वरच्या कडेपासून सर्वांत खोल गाठीच्या पेशीपर्यंत सरळ खाली मोजतो, अल्सर असेल तर त्याच्या तळापासून. शेव्हचं पातं त्या खोल पेशींच्या मधून गेलं असेल तर खालचं टोकच आमच्याकडे नसतं. मग रिपोर्टमध्ये 'किमान ०.६ मिमी, तळ कापलेला' असं लिहावं लागतं. खरी जाडी ०.६ होती की २.६, हे नंतर कोणत्याही तपासणीने कळत नाही, आणि वर दिलेले कडेचे सगळे आकडे त्यावरच उभे आहेत.

फॉर्मवर वय, जागा, किती दिवसांपासून, काय बदललं, आणि आधी जाळलं किंवा खरवडलं आहे का, एवढं तरी लिहाच. अर्धवट काढलेला साधा तीळ व्रणातून परत उगवतो तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली तो मेलॅनोमासारखा दिसू शकतो. 'सहा महिन्यांपूर्वी कॉटरी' ही एक ओळ तिथे चुकीचं निदान वाचवते. जुनी स्लाइड असेल तर तीही मागवा.

---

प्रश्नकर्ता | लघुशस्त्रक्रिया_ओपीडी

फारच उपयोगी. तीन छोट्या शंका. बोटावरचा भळभळ रक्त येणारा पायोजेनिक ग्रॅन्युलोमा (लाल मांसल पुळी) तरी जाळावा ना? तो थांबतच नाही. सुजलेली सेबेशियस सिस्ट लगेच काढावी का? आणि नखाचं राहिलं.

---

उत्तर | टाके_आणि_दोरा

ग्रॅन्युलोमा आधी क्युरेटने (खरवडायच्या धारदार चमच्याने) मुळापासून खरवडून बरणीत, मग तळाला कॉटरी. क्रम उलटा करू नका. रंगहीन मेलॅनोमा हुबेहूब असाच दिसतो, म्हणून तुकडा फेकायचा नाही.

सुजलेली सिस्ट काढायला जाऊ नका. भिंत ठिसूळ झालेली असते, तुकड्यातुकड्यांनी येते आणि उरलेल्या भिंतीतून पुन्हा भरते. पू असेल तर चीर देऊन मोकळं करा, सूज उतरल्यावर चार ते सहा आठवड्यांनी वरच्या काळ्या छिद्रासकट पूर्ण पिशवी काढा. लायपोमा (चरबीची गाठ) मऊ, बोटाखालून सटकणारा असेल तर घाई नाही. ५ सेंमीहून मोठा, स्नायूखाली रुतलेला, वाढणारा किंवा दुखणारा असेल तर आधी सोनोग्राफी किंवा एमआरआय. सार्कोमा (मऊ ऊतींचा कर्करोग) चुकून फोडला तर पुढची शस्त्रक्रिया फार मोठी होते.

---

उत्तर | डर्मोस्कोप_हाती

नख. गडद त्वचेत अनेक बोटांच्या नखांवर तपकिरी रेषा असणं सामान्य आहे. प्रौढ वयात एकाच नखावर, त्यातही अंगठ्यावर, नवी रेषा आली, ३ मिमीहून रुंद झाली, मुळाशी टोकापेक्षा रुंद दिसू लागली किंवा रंग नखाबाहेरच्या कातडीवर उतरला (हचिन्सनची खूण), तर बायोप्सी. रेषा मुळाशी रुंद म्हणजे रंग तयार करणारा भाग आता वाढतोय, कारण नखाचं टोक जुनं आणि मूळ नवं.

मार लागून साचलेलं रक्त असेल तर नखाबरोबर पुढे सरकतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं, पायाचं १ मिमीच्या आसपास. पट्टी ठेवून फोटो काढा, हातासाठी चार आणि पायासाठी आठ आठवड्यांनी पुन्हा. डागामागे मुळाशी स्वच्छ नख दिसायला हवं. दिसलं नाही तर आणखी थांबू नका. आणि बायोप्सी नखाच्या टोकाशी घेऊन काही मिळत नाही, रंग येतो तो मेट्रिक्समधून (नख तयार करणाऱ्या मुळातून). क्युटिकलची घडी मागे उलटवून तिथलाच तुकडा हवा. सराव नसेल तर पाठवून द्या, कारण मेट्रिक्स चुकीचं कापलं की नख कायमचं दुभंगतं.

---

उत्तर | स्लाइडखाली

एक राहिलं. पाठवलेल्या प्रत्येक तुकड्याची वही ठेवा: काढल्याची तारीख, जागा, रिपोर्टची तारीख, पेशंटला कोणी आणि कधी कळवलं. शेवटचा रकाना रिकामा असलेल्या ओळी दर आठवड्याला बघायच्या. टाके काढायला पेशंट चेहऱ्याचे असतील तर पाच-सात दिवसांनी येतो आणि रिपोर्ट त्यानंतर येतो. जखम छान भरलेली असते म्हणून तो परत फिरकत नाही, आणि आमचा कागद तसाच फाइलला लागतो.