भेगेच्या टोकाशी स्ट्रेस कमी होतोय, माझं मॉडेल चुकलंय का?

एमटेक_मेकॅनिकल: संगणकावरच्या मॉडेलमध्ये 550 अंशांवरच्या स्टीलच्या तुकड्यात स्थिर भेग आहे, लोड कायम. केआय (भेगेच्या टोकाशी इलास्टिक स्ट्रेस किती तीव्र, त्याचं माप) 20 मेगापास्कल रूट मीटर, ई (इलास्टिक मापांक) 160 गिगापास्कल, पॉइसन गुणोत्तर 0.3, क्रीपचा (तापलेला धातू कायम भाराखाली हळूहळू ताणला जाण्याचा) घातांक एन 5, सी-स्टार (क्रीप सगळीकडे पसरल्यावर टोकाशी तिचा जोर किती, त्याचं माप) 0.001 न्यूटन प्रति मिमी प्रति तास. टोकापासून 0.1 मिमीवर स्ट्रेस पहिल्या तासाला 410 मेगापास्कल, दहाव्या तासाला 280, हजाराव्या तासाला 160. लोड हललेलाच नाही, मग स्ट्रेस गेला कुठे? गाईड म्हणतात मेश, म्हणजे मॉडेलची जाळी, बघ. तीनदा बारीक केली, आकडे तेच.

जुना_इन्स्पेक्टर: मेश सोड, उत्तर बरोबर आहे. क्रीपचा वेग स्ट्रेसच्या एनव्या घाताने वाढतो, म्हणून टोकालगतचा भाग सगळ्यात आधी सैलावतो. आजूबाजूचा भाग तिथली एकूण स्ट्रेन (ताणलं जाण्याचं प्रमाण) झपाट्याने वाढू देत नाही, म्हणून तिचा इलास्टिक वाटा क्रीपमध्ये मुरतो. सुटलेला भार बाजूचा भाग उचलतो. रीडेल आणि राइस यांनी 1980 मध्ये हेच मांडलं: क्रीपचा पट्टा लहान असेपर्यंत स्ट्रेस वेळेच्या उणे 1/(एन+1) घाताने उतरतो. तुझ्यासाठी उणे 1/6, म्हणजे वेळ दसपट झाली की 68 टक्के. 410 चे 280, बघ बरं!

मग ही उतरण थांबते कधी? केआयचा वर्ग गुणिले (1 − पॉइसनचा वर्ग 0.09), भागिले ई, आला 2.275 न्यूटन प्रति मिमी. त्याला (एन+1) गुणिले सी-स्टारने भाग: साधारण 380 तास. त्याच्या आसपास आलेख सपाट व्हायला लागतो आणि पुढे केआय नाही, सी-स्टार राज्य करतो.

एमटेक_मेकॅनिकल: लॉग-लॉग आलेख काढला सर, सुरुवातीचा उतार उणे 0.166! म्हणजे 160 वर आल्यावर भेग निर्धास्त?

जुना_इन्स्पेक्टर: अजिबात नाही. स्ट्रेस उतरला तरी क्रीपची स्ट्रेन साचतच राहते. मेन स्टीमच्या (बॉयलरकडून टर्बाइनकडे वाफ नेणाऱ्या) पाइपच्या एका वेल्डवर मी स्वतः रेप्लिका, म्हणजे पृष्ठभागाचा ठसा, घेतली होती. आरशासारखं पॉलिश, एचिंग (रसायनाने ग्रेन उठून दिसावेत म्हणून), ॲसिटेटची फिल्म. मायक्रोस्कोपखाली ग्रेनच्या (धातूच्या कणांच्या) सीमांवर काळे ठिपके, काही ठिकाणी रांगेने जोडलेले. ते कॅव्हिटी, क्रीपने पडलेली सूक्ष्म पोकळी. वरून पाइप सुरेख दिसत होता. शिवाय वेल्डशेजारच्या बारीक ग्रेनच्या पट्ट्यात, टाइप फोर म्हणतात त्या प्रकारात, भेगेची सुरुवात बहुतेकदा पृष्ठभागाखाली होते, रेप्लिकेला दिसतही नाही. अल्ट्रासॉनिक तपासणी सोडू नकोस.

आणि मॉडेलमध्ये एकदा लोड काढून परत लावून बघ. युनिट बंद-चालू झालं की टोकाशी स्ट्रेस पुन्हा उसळू शकतो.