मदत हवी आहे: गैरवर्तनाच्या प्रश्नावलीत बहुतेकांचं उत्तर ‘कधीच नाही’

कारखान्यातल्या कामगारांचं व्यक्तिमत्त्व आणि कामावरचं गैरवर्तन यांचा संबंध तपासायचा आहे. व्यक्तिमत्त्वासाठी पंचघटक चाचणी (स्वभावाचे पाच मुख्य गुण मोजणारी; मिळतंजुळतं घेण्याची वृत्ती आणि काटेकोरपणा हे त्यातलेच दोन). गैरवर्तनासाठी बेनेट-रॉबिन्सन या संशोधकांची २००० सालची १९ विधानांची मापनी, मराठीत करून. त्यातली ७ विधानं सहकाऱ्यांना त्रास देण्याबद्दल, १२ कंपनीच्या नुकसानीबद्दल. मिळतंजुळतं घेण्याची वृत्ती कमी असेल तर पहिला गट वाढावा, काटेकोरपणा कमी असेल तर दुसरा. पण बहुतेक खुणा ‘कधीच नाही’वरच, त्यामुळे गुणांत फरकच उरत नाही आणि सहसंबंध दबतो.

निनावी फॉर्म, बंद पेटी, खोलीत सुपरवायझर नाही, हे सगळं करून झालं. सुपरवायझरकडून गुण घेतले तर उशीर आणि भांडणं कळतात, चोरी किंवा मुद्दाम संथ काम नाही. शिवाय ते गुण आणि कामगाराचा फॉर्म यांची जोडी लावायला नाव लागतं, आणि गुप्ततेचा शब्द मोडायचा नाही. नमुना वाढवता येणार नाही.

अशा वेळी ‘कधीच नाही’ आणि ‘एकदा तरी’ असे दोन गट करून लॉजिस्टिक रिग्रेशन (हो/नाही अशा दोनच उत्तरांसाठीची पद्धत) करावं, की उत्तरांचे सगळे टप्पे ठेवून ऑर्डिनल (चढत्या क्रमाच्या टप्प्यांसाठीचं)?