मदत हवी आहे: शेटलंडमधली म्हातारी पोनी गवत चावून टाकून देते आहे

नमस्कार मंडळी. इथे घोडे पाळणारं कोणी असेल का माहीत नाही, पण पशुवैद्य आणि गावाकडे गुरं असलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

आम्ही दोन वर्षांपासून शेटलंडला आहोत, स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात असलेल्या बेटांवर. नवऱ्याची नोकरी लेरविकला, घर मात्र पश्चिमेकडच्या एका वस्तीत. शेजारी एकट्या आजी राहतात. त्यांच्या क्रॉफ्टवर, म्हणजे छोट्या शेतीवाडीवर, दोन शेटलंड पोनी, एक म्हातारा मेंढ्यांचा कुत्रा आणि चार कोंबड्या आहेत. खुब्याच्या ऑपरेशनसाठी आजी नोव्हेंबरअखेर ॲबर्डीनला गेल्या. जाताना किल्ली आणि जनावरं माझ्या हवाली केली. मी वाईजवळच्या खेड्यात म्हशींच्या घरात वाढले, म्हणून त्यांना माझा भरवसा वाटला. पण घोड्यांतलं मला त्यांनी शिकवलं तेवढंच येतं.

घोडी २६ वर्षांची, काळीभोर, नाव मिरी. उत्तरेच्या रात्री आकाशात जो हिरवा उजेड नाचतो त्याला इथे ‘मिरी डान्सर्स’ म्हणतात, त्यावरून ठेवलेलं. मला मात्र ती काळ्या मिऱ्यासारखीच वाटते. दुसरा पीरी, म्हणजे इथल्या बोलीत लहान. तो ९ वर्षांचा, खच्ची केलेला, तपकिरी-पांढरा, आणि अतिशय खादाड.

तर अडचण अशी. आठ दिवसांपूर्वी दगडी बांधाच्या आडोशाला, जिथे ती दोघं वाऱ्याकडे पाठ करून उभी असतात, मला गवताचे ओले गोळे दिसले. रसवंतीसमोर उसाचा चोथा पडलेला असतो ना, अगदी तसे. आधी वाटलं पावसाने झाले असतील. मग उभी राहून बघितलं. मिरी हेलेज तोंडात घेते (इथल्या हवेत गवत वाळत नाही, म्हणून अर्धवट सुकवून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात ते), चावते, मान जराशी तिरकी करते आणि गोळा खाली टाकते. परत नवा घास घेते. भूक आहे तिला. गिळणंच होत नाही.

दिसायला ती गोलमटोल आहे. या पोनींना हिवाळ्यात दुहेरी केस येतात, आत लोकरीसारखे दाट आणि वरून लांब राठ, पाऊस त्यावरून ओघळून जातो. त्यामुळे लांबून बघून काहीच कळत नाही. परवा हातमोजे काढून केसांत बोटं खुपसली तर बरगड्या एकेक मोजता आल्या. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनाही खोलगट लागलं. आजींच्या वहीत ऑक्टोबरचं, छातीचा घेर टेपने मोजून काढलेलं वजन १७८ किलो आहे. मी मोजलं तर १६३ भरलं.

व्हेटना फोन केला. ती खातेय, लीद टाकतेय, उभी आहे म्हटल्यावर त्यांनी पुढच्या गुरुवारची वेळ दिली, आणि जास्त झालं तर लगेच फोन करा म्हणाले. तोवर सहा दिवस आहेत. सध्या सूर्य नऊ वाजून गेल्यावर उगवतो आणि तीनच्या आत मावळतो. थंडी फार नसते, ४-५ अंश, बर्फही टिकत नाही. पण वारा आणि आडवा पाऊस दिवसदिवस थांबत नाही.

माझे प्रश्न:

तोवर तिला काय खायला घालू? पीरी तिचं सगळं हिसकावून घेतो, त्याला कसं आवरू? अंगावर झूल घालू का? आई फोनवर रोज म्हणते, ‘अगं, म्हातारं जनावर आहे, पोतं तरी टाक अंगावर.’ आजी म्हणायच्या की शेटलंड पोनीला झुलीची गरज नसते.

आणि आजींना सांगू की नको? ऑपरेशन होऊन दहाच दिवस झालेत. रोज फोन करून पहिल्यांदा मिरीचंच विचारतात, आणि मी ‘बरी आहे’ म्हणते. हे मला फार टोचतंय.

प्रतिसाद १

ताई, मी बारामतीकडे पशुवैद्य आहे. गायी-म्हशी जास्त, घोडे त्या मानाने कमी बघतो, पण हे वर्णन सरळसरळ दातांचं आहे. घोड्याची दाढ आयुष्यभर थोडी थोडी वर येत राहते आणि चावून झिजत राहते. झीज सारखी झाली नाही की कडा धारदार होतात, वरच्या दाढांच्या बाहेरून गालाला आणि खालच्यांच्या आतून जिभेला लागतात. या वयात दाढ हलत असेल किंवा झिजून संपलीही असेल. मान तिरकी करते म्हणजे एका बाजूला दुखतंय. तोंडाला घाण वास येतो का, एकाच नाकपुडीतून शेंबूड येतो का, ते बघून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. तोंडात हात मात्र घालू नका, दाढांमध्ये बोट सापडलं तर राहणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं. तिने खाणं पूर्ण थांबवलं, मलूल झाली, लीद कमी झाली, तर गुरुवारची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा. शेटलंड पोनी उपाशी राहिली की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि त्याने जनावर दगावतं. अर्धवट चावलेलं गवत आतड्यात अडकून पोटदुखीही होते. रोजची लीद मोजा.

प्रतिसाद २

मी ॲबर्डीनशायरमध्ये एका तबेल्यात काम करते. आमच्याकडे दातांनी थकलेले तीन घोडे आहेत, त्यांचं रोजचं सांगते.

लांब गवत समोर राहू द्या, चघळायला लागतंच, पण पोट त्यावर भरेल असं धरू नका. गवताच्या गोळ्या आणि साखर न घातलेला बीटचा चोथा, दोन्ही दुकानात मिळतात. पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ भिजवा आणि पेजेसारखं मऊ होईपर्यंत थांबा. अर्धवट भिजलेलं घशात अडकतं, म्हाताऱ्या घोड्याला हमखास. अन्न बदलायचं तर हळूहळू, पहिल्या दिवशी दोन मूठच. पुढे तिच्या वजनाला कोरडं असताना मोजून दिवसाला तीन किलोच्या आसपास लागेल, ते चार वेळा विभागून. एकदम बादलीभर ठेवू नका. पाणी कोमट द्या. दुखऱ्या दातांना गार पाणी झोंबतं, मग त्या पाणीच कमी पितात.

पीरीला फाटकापलीकडे बांधा आणि तेवढा वेळ त्याच्यापुढे थोडं गवत टाका, नाहीतर फाटक मोडेल. मिरीचं पौष्टिक त्याला अजिबात नको. लठ्ठ पोनीला खुरांचा आजार होतो, आणि तो झाला की पाऊल टाकणं नको होतं. त्याच्या बरगड्याही हाताने बघा. हिवाळ्यात थोडा उतरला तर चांगलंच.

झुलीचं आजींचं म्हणणं धडधाकट पोनीला खरं आहे. झुलीने केस दबतात आणि त्यांची ऊब जाते. पण २६ वर्षांच्या, वाळत चाललेल्या घोडीला आडव्या पावसात आत अस्तर नसलेली पाणी न शिरणारी झूल घालायला हरकत नाही. अंग कोरडं असताना घाला आणि रोज काढून हात फिरवा. आईंना सांगा, पोतं नको, भिजलं की उलट गारवा धरतं.

प्रतिसाद ३

आजींना आजच सांगा. जनावर त्यांचं आहे. गुंगी देऊन दाढ काढायची वेळ आली तर डॉक्टर त्यांचीच परवानगी मागणार, तेव्हा एकदम कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही बैल आजारी असल्याचं लपवलं होतं. त्यांनी त्यासाठी आम्हाला बरीच वर्षं माफ केलं नाही.

कुत्र्याचं काय? त्याचं लिहिलं नाहीत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचताना धीर आला.

कुत्रा आमच्याकडेच झोपतो, चुलीपुढे. पहिले चार दिवस दारापाशी बसून होता, खात नव्हता. मग आजींचा जुना स्वेटर आणून अंथरला, आता खातो. सकाळी अंधारातच नेते, गळ्यात चमकणारा पट्टा घालून. रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं, म्हणून आल्यावर पंजे धुते.

काल रात्री आजींना सांगितलं. रागावल्या नाहीत. ‘डोणीच्या वरच्या फळीवर खाणं तोलायचा काटा आहे, तो घे’ एवढंच म्हणाल्या. आणि डिसेंबर २०२२ मध्ये तारांवर बर्फ साचून बेटांवर दिवसचे दिवस वीज नव्हती, तेव्हापासून त्या कपाटात गॅसची शेगडी ठेवतात, पाणी कोमट करायला तीही घे म्हणाल्या.

आज पहिल्यांदा पेज दिली. मिरीने नाक बुडवलं, शिंकली, माझ्या जॅकेटभर शिंतोडे उडाले, आणि मग बादली चाटूनपुसून संपवली. पीरी पलीकडून किंचाळत होता.

धागाकर्ती (शुक्रवार)

काल डॉक्टर येऊन गेले. गुंगी देऊन, जबडा उघडा ठेवणारी लोखंडी पट्टी लावून बघितलं. उजवीकडची एक दाढ हलत होती, ती काढली. पाळंमुळं संपल्यामुळे पटकन निघाली. बाकीच्यांच्या कडा कानशीने घासल्या. पेज आता कायमची, असं म्हणाले. तोंडाला वास येत होता, बारामतीच्या डॉक्टरसाहेबांनी विचारलेलं आधीच बघून ठेवल्यामुळे मला लगेच सांगता आलं. झूलही घेतली, सर्वात लहान मापाची.

संध्याकाळी आजींचा फोन आला तेव्हा मी बांधापाशीच होते. म्हणाल्या, ‘फोन तिच्या तोंडापाशी धर.’ धरला. दोन-तीन मिनिटं मिरी खात होती आणि आजी गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘उजवीकडून अजून चावत नाहीये ती.’ मी वाकून बघितलं. खरंच, सगळं डावीकडूनच चाललं होतं.

ॲबर्डीनशायरच्या ताई, दाढ काढल्यावर त्या बाजूने परत चावायला साधारण किती दिवस लागतात? तुमच्याकडच्या तिघांपैकी कुणाची काढली होती का?