अमेरिकेशी लेखी लष्करी युती करावी का? माझं मत, नको

अक्कलकोट_रोडवाला:
आपल्या एमआयडीसीतले टॉवेल अमेरिकेला जातात, त्यामुळं हा विषय दिल्लीवाल्यांचा म्हणून सोडून देता येत नाही. ऑगस्ट २०२५ मधे ट्रम्पनी भारतावरचा टॅरिफ ५० टक्क्यांवर नेला, त्यातले २५ टक्के केवळ आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. आणि हाच देश क्वाडमधे, म्हणजे भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाच्या गटात, आपल्या शेजारी बसतो! आता काहीजण म्हणायलेत की चीन एवढा मोठा झालाय तर सरळ अमेरिकेशी संरक्षण करार करून टाका, मला हे अजिबात पटत नाही. युक्रेननं १९९४ ला बुडापेस्टमधे अण्वस्त्रं सोडायचं कबूल केलं, बदल्यात अमेरिका, ब्रिटन आणि खुद्द रशियानं सीमा पाळायच्या सह्या केल्या, आणि २०१४ ला रशियानं क्रिमिया घेतलाच की.

विजापूर_नाका:
दादा, उदाहरणच चुकीचं घेतलंय. ते नुसतं आश्वासन होतं, हल्ला झाला तर आम्ही लढू असं त्यात कुठंच नव्हतं. खरी युती म्हणजे नाटो, अमेरिका नि युरोपातल्या देशांची लष्करी युती. जॉर्जिया २००८, युक्रेन २०१४ नि २०२२, मार खाल्ला तो बाहेरच्यांनी. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया एवढेसे देश, अगदी रशियाला लागून, पण त्यांच्यावर फौज गेली नाही. फिनलंड इतकी वर्षं कुठल्याच गटात नव्हता, रशियाशी १३०० किमीहून जास्त सीमा, तोसुद्धा एप्रिल २०२३ ला आत गेला, मागनं २०२४ ला स्वीडन. ह्यांना काय स्वाभिमान नव्हता?

अक्कलकोट_रोडवाला:
नाटोचं पाचवं कलम नीट वाचा. एकावर हल्ला तो सगळ्यांवर, बरोबर, पण पुढं लिहिलंय की प्रत्येक देशानं स्वतःला आवश्यक वाटेल ती कृती करायची. म्हणजे शेवटी मर्जीच. गलवानला जून २०२० मधे आपले २० जवान गेले, करार असता तर अमेरिकेची पोरं लडाखमधे लढायला आली असती असं खरंच वाटतं का तुम्हाला? जे उपयोगाचं होतं ते युतीशिवायच मिळालं, थंडीचे कपडे तातडीनं आले, नौदलाला दोन ड्रोन भाड्यानं मिळाले, ऑक्टोबरमधे बेका करार झाला ज्यातनं नकाशे नि उपग्रहाची माहिती मिळते.

माजी_सिग्नलमन:
आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ ला वारले, चीनमधे आजही त्यांचं नाव आदरानं घेतात. आणि बरोबर २० वर्षांनी १९६२. तेव्हा अलिप्ततावादी नेहरूंना नोव्हेंबरमधे केनेडींकडं विमानांची मदत मागायची पत्रं लिहावी लागली. ऐनवेळी मागितलं की किती द्यायचं, कधी द्यायचं हे समोरचा ठरवतो. मी फौजेत रेडिओवर काम केलंय म्हणून सांगतो, दोन सैन्यांचे सेट, कोड, दारूगोळा, बोलायची पद्धत जुळायला वर्षं जातात, नाटोची खरी ताकद ह्या रोजच्या कामात आहे, कलमात नाही, आणि हे काम शांततेतच करून ठेवावं लागतं.

अक्कलकोट_रोडवाला:
काका, सराव करा ना, अमेरिकेबरोबरचा नौदलाचा मलबार सराव चालूच आहे, माझा विरोध सहीला आहे. १९७१ बघा. ऑगस्टमधे सोव्हिएत करार झाला, त्यात आपल्यासाठी लढायची सक्ती नव्हती, सल्लामसलत करायची एवढंच, तरी डिसेंबरमधे अमेरिकेच्या सातव्या आरमाराची जहाजं बंगालच्या उपसागरात आली आणि मॉस्कोनं सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून आपल्याला वेळ मिळवून दिला. कारण त्यांचंही हित तिथं होतं. हित असलं तर कागद लागत नाही, नसलं तर कागद वाचवत नाही.

विजापूर_नाका:
अहो पण तो रशिया आता राहिलाय कुठं? २०१८ ला एस-४०० ह्या हवाई संरक्षणाच्या ५ यंत्रणांचा सौदा केला, युक्रेन युद्धामुळं शेवटच्या दोन रखडल्या. तेल खपवायला मॉस्कोला चीन लागतो, मशिनरी नि इलेक्ट्रॉनिक्सला पण चीनच लागतो, मग उद्या अरुणाचलमधे काही पेटलं तर तो बीजिंगच्या विरोधात आपल्यासाठी उभा राहील हे कुठल्या भरवशावर म्हणता? टॅरिफचा राग मलाही आहे, माझ्या मेव्हण्याचे पण लूम आहेत. पण क्वाडमधे जपान आहे, ऑस्ट्रेलिया आहे, त्यांनी काय वाकडं केलंय आपलं? एका अध्यक्षाच्या रागापायी त्यांच्याशीही करार नको म्हणायचं का, एवढं सांगा.