उत्तर: आयरिश 'इश्क्य' म्हणजे पाणी, व्हिस्की नव्हे

आयरिश भाषेतल्या 'इश्क्य' या शब्दाचा अर्थ कोणी व्हिस्की असा दिला, तर तो दुरुस्त करायला हवा. इश्क्य म्हणजे साधं पिण्याचं पाणी. दारू म्हणजे 'इश्क्य बाहा', शब्दशः 'जीवनाचं पाणी', लॅटिन 'अक्वा विटे'चं भाषांतर. इंग्रजीत दुसरा शब्द गळला आणि उरलेल्या पहिल्याची व्हिस्की झाली.

स्पेलिंग यू-आय-एस-सी-ई. सुरुवातीचा यू बोलायचा नाही. एसशेजारी आय आहे म्हणून त्याचा 'श', आणि सीपुढे ई म्हणून 'क्य'. शेवटचा स्वर अस्फुट 'अ'.

मूळ फार जवळचं आहे. धातू 'उद्', त्याला 'स्क'चा प्रत्यय लागला आणि द् लोपला. आपलं 'उदक' त्याच धातूचं, म्हणजे 'उदक सोडणे'मधला शब्द आणि हा सख्खे चुलत!

गोंधळ होतो तो उपपदाशी, म्हणजे इंग्रजी 'द'सारख्या 'अन्'शी. शब्द पुल्लिंगी, स्वरानं सुरू होणारा, म्हणून कर्ता असताना मध्ये त येतो: 'अन् तिश्क्य' (ते पाणी). षष्ठीत मात्र त नाही: 'दाह अन् इश्क्य' (पाण्याचा रंग). 'सन् इश्क्य' (पाण्यात) इथेही नाही. शब्दाचं स्वतःचं रूप एकवचनात बदलतच नाही, त्यामुळे शिकणारे सवयीनं सगळीकडे त लावतात. 'ग्लिन्य इश्क्य' (पेलाभर पाणी) यात तर उपपदच नको.

विशेषणातही लिंग दिसतं. थंड पाणी 'इश्क्य फूअर'. 'ऊअर' म्हटलंत तर फ गळून स्त्रीलिंगी रूप होतं, ते चूक.