मदत हवी आहे: डीएससीत (तापवून वितळणं मोजणाऱ्या यंत्रात) दोन मेल्टिंग पीक, घोळ जंतूंचा की माझा?

नमस्कार मंडळी,

पुण्यात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. विषय जंतूंकडून प्लास्टिक बनवून घेण्याचा. इथे पॉलिमरवाले आणि मायक्रोवाले दोघंही वावरतात म्हणून लिहितेय, आमच्याकडे ते एका टेबलावर चहासुद्धा पीत नाहीत.

साखर कारखान्याची मळी आणते. क्युप्रिआव्हिडस नेकाटरला (आमचा जंतू) अख्खं सुक्रोज पचत नाही, म्हणून आधी ते फोडून घेते. मधून मधून प्रोपिऑनिक अ‍ॅसिड. जंतू पोटात पीएचबीव्ही (ब्युटिरेट आणि, प्रोपिऑनिकमुळे येणारं, व्हॅलरेट अशा दोन दुव्यांचं प्लास्टिक) साठवतात, मी ते क्लोरोफॉर्ममध्ये काढून थंड मिथेनॉलमध्ये पाडते. एनएमआरनुसार (रेणूंची घडण दाखवणारी चाचणी) व्हॅलरेट १२ मोल टक्के. इथवर सगळे खूश.

मग डीएससी. १९० अंशांपर्यंत तापवलं, ५ मिनिटं ठेवलं, मिनिटाला १० अंशांनी उणे ३० पर्यंत उतरवलं, पुन्हा चढवलं. उतरताना सपाट रेघ, काही म्हणजे काही नाही. चढताना ५५ च्या आसपास स्फटिकीकरण आणि पुढे दोन मेल्टिंग पीक (आलेखातले वितळण्याचे उंचवटे): १४१ आणि १५४. नमुन्याचा तोच पॅन तिसऱ्यांदा चालवला तर दोन्ही ३-४ अंश खाली घसरले.

सर म्हणतात, माल दोन प्रकारचा आहे, बॅच बिघडली. सिनियर म्हणतो, माल एकच, तापवताना स्फटिक स्वतःला सुधारून घेतात. मृदंगासारखी दोन्हीकडून थापा खातेय.

आणखी एक. गणपतीच्या आधी काचेच्या डिशमध्ये फिल्म ओतली होती. तेव्हा बोटाभोवती छान गुंडाळता यायची. विसर्जनानंतर ड्रॉवर उघडला, कोपरा उचलला, तर उडदाच्या पापडासारखा काटकन हातात आला. डिश कुणी हलवलीही नव्हती. याचा त्या पीकांशी संबंध आहे का?

डीएससीचा स्लॉट आठवड्यातून एकदाच आणि नमुन्यामागे पैसे. त्यामुळे नेमकं काय चालवू ते सांगा.

भट्टीवाला:
ताई, पहिलं म्हणजे १९० ला ५ मिनिटं बसवणं बंद करा. हे पॉलिमर वितळल्यावर लगेच साखळ्या तुटायला लागतात, क्रोटोनिक टोकं तयार होतात. तिसऱ्या रनची घसरण बहुधा तीच. पेशींचा गाळ किंवा धातूंचे क्षार राहिले असतील तर आणखी वेगाने. तुमचा माल १५४ ला वितळतोय, १७० ते १७५ पुरे, मिनिटभर. फार खालीही थांबू नका, अर्धवट वितळलेले स्फटिक पुढच्या रनमध्ये बीजाचं काम करतात आणि आकडे गोड दिसतात.

दोन पीकांसाठी तापवण्याचा वेग बदला: मिनिटाला २, १०, ४० अंश. नमुना ३ मिलिग्रॅमच घ्या. सावकाश तापवल्यावर वरचा पीक फुगला आणि जोरात तापवल्यावर खालचा, तर सिनियर बरोबर: पातळ स्फटिक वितळून जाड होतात, मग ते वितळतात. वेग काहीही असो, प्रमाण तेच राहिलं तर सरांकडे झुका.

उतरताना पीक न दिसणं स्वाभाविक. हा माल इतका शुद्ध असतो की स्फटिक सुरू करणारी बीजंच कमी, त्यात व्हॅलरेटने स्फटिक होण्याचा वेग आणखी मंदावतो. बीज म्हणून चिमूटभर बोरॉन नायट्राइड घालून बघा.

फिल्मचं म्हणाल तर टीजी (ज्याखाली साखळ्या गोठतात ते तापमान) शून्याच्या आसपास. म्हणजे ड्रॉवरमध्येही साखळ्या हलतात, हळूहळू आणखी स्फटिक होत राहतात. दहा दिवस तुम्ही सुट्टीवर, ती नाही. व्हॅलरेट ब्युटिरेटच्याच स्फटिक-जाळीत मावतं, त्यामुळे ते घातल्याने द्रवणांक उतरतो पण स्फटिकांश (स्फटिक झालेला भाग) म्हणावा तितका नाही. लवचीकपणा हवा असेल तर व्हॅलरेटऐवजी हेक्सॅनोएटचे दुवे. ते जाळीत शिरत नाहीत.

जंतुप्रेमी:
गंमत म्हणजे हेच पॉलिमर जिवंत पेशीत अजिबात स्फटिकी नसतं, कणांत मऊच असतं. आपण बाहेर काढतो आणि ते आखडतं.

मला मात्र सरांची शंका खरी वाटते. १२ टक्के ही सरासरी आहे. २ टक्के आणि २५ टक्के व्हॅलरेटच्या मालांचं मिश्रणही एनएमआरवर १२ दिसू शकतं. प्रोपिऑनेट कधी आणि किती वेळा देता?

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. गुरुवारचा स्लॉट घेतलाय, तीन वेग, तीन ताजे पॅन.

@जंतुप्रेमी, हे लिहायला लाज वाटतेय. डोस सकाळी ९ आणि संध्याकाळी ५. जास्त एकदम दिलं तर जंतू मरतात म्हणून थोडं थोडं देते, आणि ५ नंतर मी कोथरूडची बस पकडते. म्हणजे रात्रभर त्यांच्याकडे नुसती साखर, आणि ते बिचारे साधं पीएचबी (नुसत्या ब्युटिरेटचं) बनवत बसत असणार. सरांना हे अजून सांगितलेलं नाही. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून थोडं थोडं हेप्टेन (ज्यात हे पॉलिमर विरघळत नाही) टाकत भाग वेगळे करायचे, प्रत्येकाचा एनएमआर घ्यायचा, असं ठरवतेय. किती हेप्टेनपासून सुरुवात करू? आणि रात्रभर थेंब थेंब सोडणारा स्वस्तातला पंप कुणी वापरलाय का?