हटवलेला प्रोग्रॅम पुन्हा हजर होतो, त्याचे मूळ कसे शोधावे?

अर्धविराम (प्रश्न):
घरच्या संगणकावर विंडोज ११ आहे. काही आठवड्यांपूर्वी पीडीएफचे रूपांतर करणारा एक मोफत प्रोग्रॅम घाईघाईने 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत बसवला आणि तेव्हापासून ब्राउझरचे पहिले पान आपोआप बदललेले दिसते, शिवाय संगणक नुसता चालू असला तरी पंखा जोराने फिरत राहतो. विचित्र गोष्ट अशी की, कारण पाहावे म्हणून टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणारी खिडकी) उघडला की दोन-चार सेकंदांत पंखा शांत होतो आणि तो बंद केला की पुन्हा सुरू होतो. 'डिटेल्स'च्या यादीत एसव्हीसीहोस्ट या नावाच्या पुष्कळ नोंदी आहेत. त्यांपैकी एकीची फाइल अ‍ॅपडेटामधील रोमिंग फोल्डरमध्ये सापडली. ती प्रक्रिया थांबवून मी फाइल पुसून टाकली, परंतु संगणक पुन्हा चालू केल्यावर तीच फाइल त्याच जागी हजर! उरलेल्या नोंदीही काढून टाकाव्यात का?

जुनी खूणगाठ:
उरलेल्या नोंदींना कृपया हात लावू नका. एसव्हीसीहोस्ट हा विंडोजचाच प्रोग्रॅम असून वेगवेगळ्या सेवा चालवण्याचे काम त्याच्याकडे असते, आणि पुरेशी रॅम असलेल्या संगणकांवर २०१७ पासून विंडोज बहुतेक सेवा स्वतंत्रपणे चालवत असल्याने अशा कित्येक नोंदी दिसणे अगदी स्वाभाविक आहे. संशयास्पद प्रोग्रॅम हे नाव घेतात ते या गर्दीत मिसळून जाण्यासाठीच. कधी व्ही आणि सी या अक्षरांची अदलाबदल केलेली असते, कधी ओच्या जागी शून्य असतो. म्हणून नाव वाचून निर्णय घेऊ नये, पत्ता वाचावा. नोंदीवर उजवी क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडल्यावर विंडोज फोल्डरातील सिस्टिम३२ (किंवा सिसवाव६४) उघडले तर सहसा चिंतेचे कारण नाही. रोमिंग फोल्डरातील एसव्हीसीहोस्ट मात्र तोतयाच म्हणायला हवा.

टास्क मॅनेजर उघडताच पंखा शांत होणे ही आपण टिपलेली खूण मला सर्वांत बोलकी वाटते. दुसऱ्याच्या संगणकावर चोरून आभासी चलन तयार करणारे काही प्रोग्रॅम टास्क मॅनेजर दिसताच काम थांबवतात.

दिवाबत्ती:
फाइल परत येते याचा अर्थ ती परत आणणारे दुसरे काहीतरी संगणकात शिल्लक आहे. 'स्टार्टअप अ‍ॅप्स'ची यादी पाहून बहुतेक लोक थांबतात, पण अशा प्रोग्रॅमांची आवडती जागा म्हणजे टास्क शेड्युलर, ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारी विंडोजची सोय. तेथे 'अपडेट' अशा निरुपद्रवी नावाचे एक काम लावून ठेवले की लॉगिन होताच, किंवा दर तासाला, हटवलेली फाइल पुन्हा आणून ठेवता येते. रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या कोठारातील) 'रन' नोंदी आणि सेवा या जागाही तपासाव्या लागतात.

हे सर्व एका ठिकाणी दाखवणारे ऑटोरन्स हे साधन मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचात मोफत मिळते. ते प्रशासकाच्या अधिकाराने चालवा, पर्यायांतून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा आणि उरलेल्यांची डिजिटल स्वाक्षरी (प्रोग्रॅम कोणी बनवला याची खूण) तपासून घ्या. स्वाक्षरी नाही म्हणून प्रोग्रॅम वाईटच असतो असे नाही, पण शोध तेथून सुरू करावा. संशयित नोंद लगेच पुसू नका. फक्त तिच्यासमोरची खूण काढा, म्हणजे चूक झाल्यास ती परत लावता येईल.

त्याआधी इंटरनेट तोडा. आधी नोंद निष्क्रिय करायची, मग प्रक्रिया थांबवायची आणि फाइल शेवटी काढायची. आपण नेमके उलट टोकाकडून सुरुवात केलीत. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीतील डिफेंडरची 'ऑफलाइन' तपासणी करा. ती संगणक नव्याने सुरू करून, नेहमीची विंडोज चालू होण्यापूर्वी होते, त्यामुळे लपून बसलेल्या प्रोग्रॅमला स्वतःचा बचाव करता येत नाही. साधारण १५ मिनिटे लागतात.

तिसरी बाजू:
वरील सल्ला योग्य आहे, तरी दोन गोष्टींबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. पहिली व्हायरसटोटल या, फाइल अनेक अँटिव्हायरसांकडून तपासून देणाऱ्या संकेतस्थळाविषयी, कारण अशा वेळी 'फाइल तेथे टाकून पाहा' असे कोणीतरी सांगतेच. तेथे चढवलेली फाइल इतरांनाही उपलब्ध होऊ शकते, म्हणून खासगी कागदपत्रे कधीही चढवू नयेत. विंडोजच्या पॉवरशेल या आज्ञा देण्याच्या खिडकीत गेट-फाइलहॅश या आज्ञेने मिळणारा हॅश (फाइलची ओळख पटवणारी अक्षर-अंकांची खूण) तेथे शोधला तरी पुष्कळदा काम भागते. सत्तरेक तपासणी-इंजिनांपैकी एकाने फाइल वाईट ठरवली तर तो गैरसमजही असू शकतो. वीस-पंचवीस इंजिने एकच सांगत असतील तर शंकेला जागा उरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. असे प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीही (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) उचलू शकतात. त्यामुळे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला आणि प्रत्येक खात्यातून 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्यायही वापरा, कारण चोरलेली कुकी पासवर्ड बदलल्यावरही काही ठिकाणी चालू राहते. याच संगणकावर बँकेचे व्यवहार होत असतील तर मी साफसफाईवर विसंबणार नाही. कागदपत्रांची प्रत घेऊन विंडोज नव्याने बसवणे मला अधिक सुरक्षित वाटते.

अर्धविराम:
आपणा सर्वांचा आभारी आहे. ऑटोरन्समध्ये टास्क शेड्युलरखाली स्वाक्षरी नसलेली एक नोंद सापडली. तिचा पत्ता रोमिंगमधीलच दुसऱ्या एका फोल्डरात, एका छोट्या स्क्रिप्टपाशी जात होता, आणि त्या फोल्डराची तारीख पीडीएफचा प्रोग्रॅम बसवला त्याच दिवसाची निघाली. सांगितलेल्या क्रमाने सर्व काढले. ऑफलाइन तपासणीत आणखी एक फाइल सापडली, जी मला कधीच दिसली नव्हती. संगणक तीनदा बंद-चालू करूनही तोतया परतलेला नाही आणि टास्क मॅनेजर बंद असतानाही पंखा शांत आहे. तरीही याच संगणकावरून बँकेचे व्यवहार होत असल्यामुळे कागदपत्रांची प्रत घेणे सुरू केले आहे. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलून झाले.